कुलरसमोरची जागा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावाबाहेरच्या बालगृहात एक हिशेब सुरू होतो, जो कुठल्याच रजिस्टरवर नसतो. हॉलमध्ये एकच मोठा कुलर आहे, खिडकीत बसवलेला. ताट्या दरवर्षी नव्या, मोटर तीच जुनी. सतरंज्यांची रांग त्याच्यापासून सुरू होते आणि पार दाराशी संपते. दारापर्यंत वारा पोचत नाही, आवाज तेवढा पोचतो. कुणाची आई येते, कुणाचा आजा येतो. अधीक्षकांच्या टेबलावर सही नाहीतर अंगठा होतो, आधारची झेरॉक्स लावली जाते, आणि एक पोरगं पांढऱ्या पिशवीत दोन कपडे कोंबून गेटबाहेर पडतं. इकडे आत एक सतरंजी कुलरकडे सरकते.

"सात गेले मॅडम. मी चौथ्या नंबरवर आलो!"

हे गोलूनं मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं. गोलू हे त्याचं नाव नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. कायदा नसता तरी मी खरं नाव लिहिलं नसतंच. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला न्यायला कुणी येणार नव्हतं, हे मला अधीक्षकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे गेटवर पोरांची पाठवणी बघताना मी डोळे भरून यायच्या तयारीनंच उभी होते. आणि हा पठ्ठ्या जाणाऱ्यांना हात हलवून निरोप देत होता, एकेक बोट मिटत होता, आणि मधूनच आत पळून आपली सतरंजी कुठवर आली ते बघून येत होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दारव्ह्याच्या बाजूचं आमचं गाव. ज्यांना विदर्भाचा उन्हाळा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, राज्यातल्या बाकी शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, आमच्या मात्र जून सरता सरता. १ मेला निकाल लागतो. म्हणजे मधे जवळपास आठ आठवडे. त्यात नवतप्याचे ते नऊ दिवस, जेव्हा सकाळी दहानंतर कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. "ह्या उरलेल्या पोट्ट्यांचं आठ आठवडे करायचं काय?" असं अधीक्षकांनी मला विचारलं आणि मी, उत्साहाच्या भरात, रंगीत कार्डशीटवर वेळापत्रक करून घेऊन गेले. साडेसहाला योगासनं. साडेसातला इंग्लिश स्पीकिंग. नऊला कागदकाम. चारला चित्रकला, पाचला नाट्यखेळ, सहाला 'आज मी काय शिकलो'. पंधरा दिवसांचं सगळं चौकटीत बसवलेलं, चौकटींना स्केचपेनची किनार.

चौथ्या दिवशी गोलूनं विचारलं, "मॅडम, सुट्टी कवा लागते?"

"लागली ना रे. १ तारखेपासूनच."

"थे शाळेची लागली. तुमची कवा लागते?"

स्टाफरूममध्ये मी हा किस्सा विनोद म्हणून दोनतीनदा सांगितला. सगळे हसले, मीही हसले. घरी दुपारी खाटेवर पडल्यापडल्या मात्र तो विनोद राहिला नाही.

आमच्या लहानपणीच्या सुट्टीत आम्ही काय करायचो? मामाच्या घरी जायचो, एवढं पटकन आठवतं. पण तिथं जाऊन काय करायचो? काहीच नाही. मातीच्या भिंतीला पाय लावून उताणं पडायचं, कारण भिंत थंड असायची. निंबोळ्या गोळा करायच्या आणि फेकून द्यायच्या. उन्हात जाऊ नका म्हटलं की जायचं. ह्या सगळ्याला एक गोष्ट लागायची, ती म्हणजे मोठी माणसं झोपलेली असणं. दुपारी एक ते चार आख्खं घर घोरायचं आणि तेवढे तीन तास आमचे असायचे. मामीनं ठेवलेल्या कैरीच्या फोडी, उतरंडीवरचा गूळ, मागच्या आवारातली विहीर, सगळं त्या तीन तासांत.

बालगृहात मोठी माणसं झोपत नाहीत. ती ड्युटीवर असतात. एक शिफ्ट संपली की दुसरी येते. भिंतीवर कॅमेरा आहे, आणि तो असावाच, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. जिथं परक्यांची लेकरं सांभाळायची तिथं डोळ्यात तेल घालूनच राहावं लागतं. पण कुणाची नजर चुकवता येईल अशी एक दुपार त्या पोरांच्या वाट्याला येत नाही. आणि मी तिथं आणखी एक वेळापत्रक घेऊन गेले होते.

माझ्यासारखे इतरही असतात म्हणा. सुट्टीत तर फारच. एरवी मुलं शाळेत असतात म्हणून येता येत नाही. मेमध्ये सगळे मोकळे. कुणाच्या लेकाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी. एका रविवारी मी तिथं तीन केक कापलेले पाहिले, सकाळी अकरा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच. तिन्ही वेळा पोरं हात धुऊन रांगेत बसली, तिन्ही वेळा त्याच उत्साहानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या केकला एकानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हा खाल्लाच पायजे काय?" मग फोटो. अधीक्षक बिचारे दरवेळी सांगतात, चेहरे टाकू नका, बेकायदेशीर आहे. लोक हो म्हणतात, आणि रात्री स्टेटसला टाकतात. एका संस्थेनं संगणक शिबिर घेतलं होतं. संगणक दोन आणि टीशर्ट चाळीस, तेही गुडघ्यापर्यंत येणारे, पाठीवर संस्थेचं हे मोठं नाव. पोरं अजून ते झोपताना घालतात.

त्यातल्या त्यात पोरांना मनापासून आवडलं ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या मंडळींचं येणं. आमच्याकडे उन्हाळ्यात त्यांची संस्कार शिबिरं गावोगाव होतात. शेजारच्या गावच्या शिबिरातले दोन म्हातारे आठवडाभर संध्याकाळी येऊन खंजिरी शिकवून गेले. संस्कार किती झाले ते सांगता येणार नाही, पण खंजिरी वाजवताना मोठ्यानं ओरडायची मुभा असते, आणि चुकली तरी ती वाजतेच. पुढे महिनाभर जेवणाची ताटं खंजिरीसारखी वाजत होती.

घरी जाणाऱ्या पोरांचं सगळं गोड असतं असंही नाही. आमच्या बालगृहातली बरीचशी पोरं पूर्ण अनाथ नाहीत. बाप गेलेला, आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. एप्रिल-मेमध्ये कामं कोणती, तर पऱ्हाट्या उपटणं, धसकटं वेचणं. आई पहाटे जाते, पोरगं मागे-मागे जातं, नाहीतर टिनाच्या खोलीत एकटं राहतं. मेमध्ये टिनाची खोली म्हणजे भट्टीच. एक मुलगा ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी परत आला. आईच सोडून गेली. हातांना फोड आलेले, ओठ फुटलेले. काय रे, लवकर आलास, म्हटलं तर म्हणाला, "इथं कुलर हाय." पण रात्री त्यानं बाकीच्यांना जे सांगितलं त्यात रोज आमरस होता. ते कुणी खोटं पाडलं नाही. ह्या पोरांमध्ये एक न बोललेला करार आहे, घरच्या गोष्टीवर शंका घ्यायची नाही.

पहिल्या उन्हाळ्याचं ते वेळापत्रक सातव्या दिवशी मी भिंतीवरून काढलं. मागची कोरी बाजू पोरांनी कॅरमच्या गुणांसाठी वापरली.

मग काय केलं? बरेच दिवस नुसती जाऊन बसले. बालगृहामागून शकुंतलेचे रूळ जातात. कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ही अरुंद रुळांची गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. माझ्या लहानपणी ती इतकी हळू चालायची की लोक उतरून बाभळीच्या शेंगा तोडून पुन्हा चढायचे, असं आमचे आजोबा सांगत. (आजोबांचं निम्मंच खरं धरायचं.) आता गाडी नाही, रूळ गवतात बुडालेले. गाडी येत नाही म्हणूनच अधीक्षक संध्याकाळी पोरांना तिकडे पाठवायला तयार होतात. रुळावरून तोल सांभाळत कोण किती पावलं जातो, हा खेळ. कंचे रुळावरून घरंगळत सोडायचे, हा दुसरा. तिसरा त्यांनी स्वतः काढला. मला एका दगडावर बसवलं आणि सांगितलं, तुमी तिकीटबाबू. एकेक जण येऊन तिकीट मागायचा. कुणी आपल्या गावाचं नाव घेतलं, कुणी कारंजा म्हटलं. गोलूची पाळी आली तेव्हा मी जरा सावध झाले, हा कुठलं मागतो म्हणून.

"मूर्तिजापूर द्या. लास्टचं टेसन हाय, जास्त टाइम बसाले भेटते."

आता जे सांगायचं ते सांगायला मला अजून जड जातं. त्याच उन्हाळ्यात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, निघता निघता मी म्हणाले, "पुढच्या रविवारी आंबे घेऊन येते. माझ्या भावाकडचे." असं आपण कुणालाही म्हणतो. येते, पाहू, ये ना एकदा घरी. त्या रविवारी माझ्या लेकीला बघायला अमरावतीहून पाहुणे आले. अचानक ठरलं. बालगृहात फोन करावा हे सुचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर सोमवारी आठवलं तेव्हाही लाज वाटून केला नाही. दोन आठवड्यांनी गेले. स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं ते असं: रविवारी पोरांनी सकाळीच आंघोळी केल्या, केसांना तेल लावलं, बादलीत पाणी भरून ठेवलं, आंबे भिजत घालायला. बारापर्यंत गेटजवळच्या निंबाखाली बसले. मग त्या बादलीतलं पाणी कुलरमध्ये ओतलं.

मी गोलूला म्हटलं, चुकलं रे माझं.

"काई नाई मॅडम. तसंबी त्या दिवशी ऊन लय होतं. तुमाले तरास झाला असता."

दहा वर्षांचा पोरगा मला समजावत होता. त्याला ती सवय होती, हे मला नंतर कळलं. न येणाऱ्या माणसांच्या वतीनं कारणं शोधून ठेवायची. तेव्हापासून मी त्या गेटवर 'येते' हा शब्द तारीख नक्की असल्याशिवाय उच्चारत नाही. जाताना 'निघते' म्हणते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मावशींनी सरगुंडे काढले. खरं तर त्यांना ते घरीच करायचे होते, पण पोरांना दाखवायचं म्हणून अधीक्षकांची परवानगी काढून ओट्यावर मांडले. पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत. कणकेची बारीक लांब दोरी वळायची, पातळ काडीवर गोल गोल गुंडाळत न्यायची आणि मग काडी अशी अलगद ओढून घ्यायची की वेटोळं तसंच्या तसं खाली उतरतं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या तासाला पोरांनी जे काढलं ते सरगुंडे नव्हते, गांडुळं होती. मावशी म्हणाल्या, "असू द्या, पोटात जाऊन सारखेच होतात." काडी ओढताना जीभ बाहेर काढून, श्वास रोखून बसलेली नऊ पोरं मी तिथं पाहिली. माझ्या कागदकामाच्या तासाला अशी जीभ कुणाची बाहेर आली नव्हती.

त्यांना स्वयंपाकघरात जायला एरवी बंदी असते. गॅस, सुऱ्या, उकळतं वरण. बंदी बरोबरच आहे. पण त्यामुळे जेवण म्हणजे खिडकीतून ताटात पडणारी वस्तू. ती कुणाच्या हातून होते, किती वेळ लागतो, काही माहीत नाही. सरगुंडे वाळले, डब्यात भरले, आणि मावशी सहज बोलून गेल्या की पहिला वाटा घरात ठेवत नसतात, कुणाकडे तरी द्यायचा असतो. झालं. दोन दिवस चर्चा. आपण द्यायचा तर कुणाला? केक घेऊन येणाऱ्यांपैकी एकाचंही नाव निघालं नाही. शेवटी शेजारच्या वावरातल्या बोअरवाल्या आजोबांचं नाव ठरलं, जे पाइपखाली आंघोळ करू देतात आणि शिव्या घालतात. स्टीलच्या ताटात सरगुंडे, वरून रुमाल, आणि ताट धरायला चौघे. आजोबांनी ताट घेतलं, आत गेले, आणि रिकामं ताट परत देताना त्यात गुळाचा खडा ठेवला. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. पोरांना ते माहीत नव्हतं. परत येताना एकानं विचारलं, "आपुन देल्लं, मंग त्यायनं काऊन देल्लं?" ह्याचं उत्तर मावशी देतील म्हणून मी गप्प राहिले. मावशींनी गूळ फोडून सगळ्यांना वाटला, एवढंच.

त्या सरगुंड्यांसोबत रस पाहिजे ही मागणी आलीच, आणि माझी जुनी बाकी निघाली.

बालगृहातलं मूल कुणाच्या घरी नेणं ही उचलली पिशवी आणि निघालो अशी गोष्ट नाही, आणि नसावीही. बाल कल्याण समितीची परवानगी लागते; जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. मुलाला संस्थेबाहेर रजेवर सोडण्याबद्दल कायद्यात कलम ९८ आहे. परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, जवळच्या माणसाचा मृत्यू, आईवडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार अशा प्रसंगी, देखरेखीखाली, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत. मी ते कलम तीनदा वाचलं. लग्न आहे, मयत आहे. आंबे नाहीत. अर्जात आम्ही 'शैक्षणिक सहल' लिहिलं, एका दिवसाची, सोबत संस्थेचे काळजीवाहक, मुक्काम नाही. परवानगी मिळाली. सहा पोरं निघाली.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझं हाफ फाडलं, पोरांची हाफ फाडली, सोबतच्या काळजीवाहकांचं तेवढं फुल. मग रांगेनं बसलेली सहा डोकी बघून म्हणाला, "सगळे तुमचेच काय बाई?"

"हाव," मी म्हटलं.

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून माझ्याकडे नीट पाहून घेतलं. पोरं खिडकीशी तोंड लावून हसत होती.

भावाच्या वावरात त्या दिवशी काही घडलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजले, वांग्याची भाजी झाली, वरण झालं. गावरानी आंबे बादलीत भिजवले. दोघांची भांडणं झाली, एक निंबावरून पडला, थोडं खरचटलं. जेवण झाल्यावर भावानं गोठ्याशेजारी चादर टाकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. वहिनी आत लवंडल्या. काळजीवाहक, जे बिचारे सकाळपासून दर दहा मिनिटांनी पोरं मोजत होते, तेही खाटेवर बसल्याबसल्या पेंगले. मी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, विहिरीवर जाळी आहे हे सकाळीच पाहून ठेवलं होतं. पापण्यांच्या फटीतून सहा पोरं चवड्यांवर चालत बादलीकडे जाताना दिसली. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता. आंबे मागितले असते तर कुणीही दिले असते, हे त्यांनाही माहीत होतं.

निघताना वहिनींनी, आपल्या भाच्यांना देतात तशी, प्रत्येकाच्या हातावर दहाची नोट ठेवली. बालगृहात मुलांजवळ पैसे ठेवू देत नाहीत. रात्री रजिस्टरवर नोंद झाली: रोख ६० रुपये, सहा मुलांचे, जमा. कुणाकडून ह्या रकान्यात काय लिहू, असं काळजीवाहकांनी मला विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधी गोलू म्हणाला, "मामीकडून लिवा." त्यांनी तसंच लिहिलं. ऑडिटला अजून तरी कुणी हरकत घेतलेली नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी तिथल्या बेवारस दिव्यांग लेकरांना बाप म्हणून आपलं नाव लावलं, लेकींची लग्नं लावून दिली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लेकींना माहेर आहे. एवढं करायची माझी ताकद नाही. माझ्याकडे वर्षातला एक दिवस आहे आणि घोरणारा एक भाऊ.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलेली पोरं परत आली. आभाळ भरून आलं होतं, वहीपुस्तकं वाटायची म्हणून मी हॉलच्या दाराशी गठ्ठे सोडत बसले होते. आत सतरंज्या पुन्हा दाराकडे सरकत होत्या, आणि गोष्टी चालल्या होत्या. कुणाच्या घरी टीव्ही घेतला होता, कुणी नागपूर पाहून आलं होतं. मग गोलूचा आवाज आला. मामाच्या वावरात शंभर आंब्याची झाडं. विहीर दोनशे फूट. मामा रात्रंदिवस झोपते, मामी पैसे देते, नुसत्या नोटा.

झाडं चार आहेत. मी गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिले.

"कोन्ता मामा बे?" एकानं विचारलं. "तुले कुटी मामा हाय?"

"मॅडमचा भाऊ."

"मंग थो तुया कसा झाला?"

"तुले काय करा लागते?" गोलू म्हणाला. "सरक तिकडं, हे माही जागा होय."